दारातून परत गेलेल्यांची मोजणी

थीम पार्कच्या प्रवेशद्वारावरून वर्षानुवर्षं भांडणारी माणसं जगात आहेत, असं सांगितलं की बहुतेकांना हसू येतं. दार ते दार. आत जायचं, पाळण्यात बसायचं, घरी यायचं. कमान पाडली की ठेवली, कारंजं हललं की राहिलं, यावरून डोकं कशाला फोडायचं? मला हे हसणं पटत नाही. या वादात मी भांडणाऱ्यांच्या बाजूचा आहे. त्यांच्याबद्दल माझी एकच तक्रार आहे: ते सगळे दाराच्या आतल्या बाजूला उभे राहून भांडतात.

आधी भांडण काय असतं ते पाहू. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये डिस्ने कंपनीचं एप्कॉट नावाचं पार्क आहे. ते १ ऑक्टोबर १९८२ रोजी सुरू झालं. आत शिरलं की समोर कारंजं, कारंज्यात तीन उंच पारदर्शक सुळके आणि त्यांच्या मागे भलामोठा चंदेरी गोल. मधे मोकळं अंगण. १९९९ मध्ये, नवं सहस्रक येतंय म्हणून, कंपनीनं सुळके काढले आणि या अंगणात ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या शिळा उभ्या केल्या. पैसे भरायचे, फोटो काढून घ्यायचा, की धातूच्या लहानशा चौकटीवर तुमचा चेहरा कोरून तो शिळेवर लावणार, अशी योजना. जुने चाहते खवळले. त्यांना ते अंगण कबरस्तानासारखं दिसायला लागलं. चंदेरी गोलाकडे चालत जाण्यातली मजा गेली, असं ते म्हणत राहिले. चौकटींची विक्री २००७ मध्ये थांबली, शिळा मात्र तिथंच राहिल्या.

मग २०१९ मध्ये कंपनीनं प्रवेशाचं अंगण पुन्हा बदलायला घेतलं. शिळा हलवल्या, कारंजं नवं केलं, पारदर्शक सुळके परत आले. जुन्या चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मधल्या वीस वर्षांत दुसरी एक पिढी तयार झाली होती. त्यांच्या आईवडिलांचे चेहरे त्या शिळांवर होते. कुणी वारलेल्या आजोबांचा चेहरा बोटानं शोधायला दरवर्षी येत होतं. एकाला जे कबरस्तान वाटत होतं, ते दुसऱ्याच्या घरचं देवघर झालं होतं. हे चेहरे शेवटी दाराबाहेर, नव्या जागी नेऊन लावले.

आता सांगा, यात हसण्यासारखं काय आहे? ही माणसं दगडासाठी भांडत नव्हती. पार्कात शंभर गोष्टी असतात, पण सगळ्यांनी अनुभवलेली गोष्ट एकच असते. उंच पाळण्यात आजी बसत नाही. भुताच्या घरात लहान पोर जात नाही. कुणाला चक्कर येते, कुणाची उंची कमी पडते, कुणाची हिंमत. दारातून मात्र प्रत्येक जण जातो. आजी, पोर, चक्कर येणारा मामा, सगळे. म्हणून कुटुंबाच्या अल्बममधला सगळ्यांचा एकत्र फोटो बहुधा दारातलाच असतो. आपल्याकडेही तेच. एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये गोराईला सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद पडलं. तिथं जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. पाळण्यांची नावं विसरलेला माणूससुद्धा खाडीतून जाणारी ती बोट विसरलेला नसतो. त्या पार्कचं खरं दार किनाऱ्यावरच सुरू व्हायचं. बोटीत पाय टाकला की शहर मागे पडायचं.

तेव्हा प्रवेशद्वारावर प्रेम करणाऱ्यांना वेडं म्हणणाऱ्यांशी माझं काही जमणार नाही. सार्वजनिक जागा आपली कशी होते, तर तिच्यातून आपण पुन्हापुन्हा जातो म्हणून. ती बदलताना आपल्याला विचारलं नाही, तर राग येणारच, आणि तो यायलाच हवा.

पण आता माझी तक्रार. एप्कॉटच्या त्या सगळ्या वादात दोन बाजू होत्या: कारंजंवाले आणि शिळावाले. दोघांमध्ये एक गोष्ट समान होती. दोघांनीही तिकीट काढलेलं होतं. चाहता म्हणजे जो आत जाऊ शकला तो. ज्याला आत जाता आलं नाही, तो चाहता होतच नाही. तो वादात नसतो, त्याचा अल्बम नसतो, त्याला कुठल्या कारंज्याची आठवण येणार? म्हणजे दाराबद्दलचा आपला सगळा वाद हा दार ओलांडलेल्यांमधला वाद असतो. आणि दाराचं मुख्य काम तर आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवण्याचं आहे.

याच कंपनीच्या जुन्या पार्कचा इतिहास बघा. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं. तेव्हा दारात मोठ्या माणसाला १ डॉलर पडायचा आणि आतल्या खेळांचे पैसे वेगळे. म्हणजे खिशात एक डॉलर असलेला माणूस आत फिरू शकत होता, बाकावर बसू शकत होता, पोराला बँड ऐकवू शकत होता. खेळ परवडले नाहीत तर नाहीत. खेळांची ही वेगळी तिकिटं १९८२ मध्ये बंद झाली आणि दारातच सगळ्याचे पैसे घ्यायची पद्धत पक्की झाली. दाराची कमान तीच, रंग तोच. पण दार पूर्ण बदललं. आधी पैसे खेळाला पडत होते, नंतर आत असण्यालाच पडायला लागले.

आपल्याकडची मोठी खासगी पार्कं याच वळणाची. २०१३ मध्ये खोपोलीजवळ सुरू झालेल्या इमॅजिकाचं तिकीट माणशी हजाराच्या वर आणि त्यात खेळ धरलेले. खासगी कंपनीनं काय दर लावावा हा तिचा धंदा आहे, त्यावर मी लिहीत नाही. माझा मुद्दा असा की या पद्धतीची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की आता सरकारी बागाही तशाच वागायला लागल्या तरी आपल्याला खटकत नाही.

राणीच्या बागेचंच पाहा. भायखळ्याची ही बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तीन हजारांहून जास्त झाडं, जुन्या दगडी वास्तू, प्राणी, शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुंबई पाहायला आलेल्या गावाकडच्या माणसाच्या यादीत गेटवे आणि चौपाटीनंतर हीच. २००७ मध्ये महापालिकेनं या बागेचा कायापालट करायची ४३३ कोटींची योजना आणली. तेव्हा नागरिक उठले. झाडं आणि वारसा वाचवण्यासाठी ते वर्षानुवर्षं चिकाटीनं लढले, आणि ती योजना त्या रूपात झाली नाही. महाराष्ट्रात बागेवरच्या प्रेमाची इतकी चांगली गोष्ट दुसरी क्वचितच सापडेल.

मग दक्षिण कोरियातून हम्बोल्ट पेंग्विन आले. मार्च २०१७ मध्ये त्यांचा कक्ष लोकांसाठी उघडला. तोवर बागेचं तिकीट मोठ्यांना ५ रुपये आणि लहानांना २ रुपये होतं. १ ऑगस्ट २०१७ पासून मोठ्या माणसाला ५० रुपये, ३ ते १२ वर्षांच्या मुलाला २५ रुपये झाले. आईवडील आणि १२ वर्षांपर्यंतची दोन मुलं अशा चौघांच्या कुटुंबाला १०० रुपये.

या बदलावरही वाद झाला, नाही असं नाही. पण ४३३ कोटींच्या वेळी जसे लोक उभे राहिले, तसे यावेळी राहिले नाहीत. कारण यावेळी एकही झाड पडत नव्हतं. एकही कमान पाडली जात नव्हती. फक्त दार दसपट जड झालं होतं, आणि जड झालेलं दार फोटोत दिसत नाही.

त्या शंभर रुपयांच्या कुटुंबाकडे जरा नीट बघा. आई, बाप, दोन मुलं. जाहिरातीतलं कुटुंब. हिंगोलीहून मुंबई पाचशे किलोमीटरहून लांब आहे. तिथून कुणी मुंबईला येतं ते चौघांच्या डब्यात बसून येत नाही. दवाखान्याच्या कामाला आलेलं, लग्नाला आलेलं, नाहीतर भावाकडे आठ दिवस राहायला आलेलं कुटुंब म्हणजे आई, बाप, तीन पोरं, सोबत आत्या, शिवाय भाचा. या दारानं आत्याला कुटुंबाबाहेर काढलं. तिसऱ्या पोराला काढलं. ज्या घरात माणसं जास्त, त्या घराला दार महाग. जुन्या दरानं हे सात जण वीस-पंचवीस रुपयांत आत जात होते. नव्या दरानं दोनशेच्या आसपास जातात. पुण्यात पगार घेणाऱ्या मला हा आकडा किरकोळ वाटू शकतो. शेतात दिवसभर मजुरी करणाऱ्या बाईला तो किती वाटेल, हे तिचा रोज विचारलात तर लगेच कळेल.

यावर ठरलेलं उत्तर येतं: दर वाढवल्यावर बागेचं उत्पन्न वाढलं, गर्दीही कमी झाली नाही, मग अडचण काय?

इथं मला माझ्या धंद्याबद्दल बोलावं लागेल. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आम्ही ॲप बनवतो तेव्हा पहिल्या पानावर, म्हणजे ॲपच्या दारावर, सगळ्यात जास्त लक्ष ठेवतो. किती जण आले हे तर मोजतोच. पण त्याहून जास्त काळजीनं मोजतो ते किती जण परत गेले. फोन नंबर टाकायच्या जागी किती जण थांबले, ओटीपीची वाट बघून किती जण कंटाळले, पैसे भरायच्या बटणापाशी येऊन कितींनी ॲप बंद केलं. नंबर टाकायच्या पानावर दहातले चार जण निघून जात असतील, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग होते आणि ते पान बदललं जातं. यात आमचा काही मोठेपणा नाही. परत गेलेला माणूस म्हणजे गेलेला पैसा, एवढंच ते गणित. पण निदान तो मोजला जातो.

बागेच्या दारात परत गेलेल्याला कुणी मोजत नाही. तिकीट खिडकीवरच्या माणसाकडे विकलेल्या तिकिटांचा हिशोब असतो. दराची पाटी वाचून, हातातल्या नोटा चाचपून, पोराला "आत काही नाही रे, चल चौपाटीवर जाऊ" असं सांगणारा बाप कुठल्याच वहीत चढत नाही. दहा रुपयांच्या तिकिटात शंभर माणसं आली तर हजार होतात. पन्नासच्या तिकिटात तीस आली तर पंधराशे. वहीत उत्पन्न दीडपट झालं. सत्तर माणसं गेली, त्यांची ओळ वहीत नाही. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण हिशोबाची रीत हीच आहे. गर्दी कायम राहिली तरी तीच माणसं राहिली का, हे वही सांगत नाही. पन्नास देऊ शकणारे नवे आले असतील आणि पाच देणारे जुने गेले असतील, तरी दारातली रांग तेवढीच लांब दिसते. म्हणूनच दारात केलेला कुठलाही बदल कागदावर कायम यशस्वी ठरतो. ज्याला तो बदल नडला, तो साक्ष द्यायला आत येतच नाही.

आणि दार फक्त पैशानं बंद होतं असं समजू नका. पैसे भरून झाल्यावरही दारात चार चाळण्या असतात. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी मी गावाकडून आईबाबांना, दादाला आणि वहिनीला पुण्याला बोलावलं आणि सगळ्यांना शहराजवळच्या एका वॉटर पार्कला नेलं. दारात पहिली चाळणी पिशव्यांची. बाहेरचं खाणं आत चालत नाही. आईनं पहाटे उठून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी टेबलावर काढून ठेवावी लागली. दुसरी चाळणी कपड्यांची. पाण्यात उतरायचं तर नायलॉनचा पोशाख सक्तीचा, साडी चालणार नाही. पोशाख तिथंच भाड्यानं मिळत होता. तो बघून आईनं मान हलवली. तिसरी चाळणी अशी की पाण्यात न उतरणाऱ्यालाही तिकीट पूर्ण. आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या रे. मी बसते पिशव्यापाशी." मी दोनदा सांगून पाहिलं, दादानं सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, "तिला नको म्हणते तर नको." संध्याकाळपर्यंत ती पार्किंगजवळच्या झाडाखाली बसून होती. तिच्या आसपास आणखी दहा-बारा बायका होत्या, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या. त्यांची आपसात चांगली ओळख झाली. त्या दिवशीच्या हिशोबात आमच्या घरची चार माणसं आली अशी नोंद झाली असेल. आलो होतो पाच.

आता कुणी म्हणेल, नायलॉनचा नियम सुरक्षेसाठी असतो. मान्य. साडीचा घोळ घसरगुंडीत अडकू शकतो, सुती कपड्याचे धागे पाण्याच्या गाळणीत जातात. इंजिनिअर आहे, मला कळतं. पण मग पाय सोडून बसता येईल असं एक उथळ टाकं, साडीवाल्यांसाठी, कुणाच्या नकाशात का येत नाही? पाण्यात न उतरणाऱ्यासाठी कमी दराचं तिकीट का नसतं? कारण नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिशव्यांपाशी बसलेली बाई नव्हती. तिला कुणी मोजलंच नव्हतं.

हल्ली यात नवी चाळणी आली आहे, आणि ती माझ्याच जातभाईंनी बनवलेली आहे. दारात तिकीट खिडकीच्या जागी क्यूआर कोड. स्कॅन करा, नंबर टाका, यूपीआयनं पैसे भरा, फोनवरचं तिकीट दाखवा. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कांनी २०१३ च्या सुमारास दारातले फिरते लोखंडी दांडे काढले आणि टेकवायचे खांब बसवले. दार मोकळं, सुटसुटीत दिसायला लागलं. पण दांडा गेला म्हणून अडवणूक गेली असं होत नाही. ती लोखंडातून फोनमध्ये गेली. तुम्ही हा लेख फोनवर वाचताय, तुमच्या बोटांना ते काहीच वाटत नाही. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या माणसासाठी मात्र तो क्यूआर म्हणजे भिंतीवर चिकटवलेलं कुलूप आहे. ज्या सार्वजनिक बागेच्या दारात रोख पैसे घेणारा माणूस नाही, ती बाग सार्वजनिक नाही, असं मी माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन म्हणतो.

दार हा प्रश्न आपल्याला नवा वाटायचं खरं तर काहीच कारण नाही. मी ज्या जिल्ह्यातला आहे तिथं संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी आहे आणि औंढा नागनाथही आहे. औंढ्याच्या देवळाची गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पोराला माहीत असते. नामदेव देवळापुढे कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवून मागच्या बाजूला जायला सांगितलं. ते मागे जाऊन गायला लागले, तेव्हा देऊळच फिरलं आणि त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. गोष्ट खरी मानायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला तिच्यातला न्याय महत्त्वाचा वाटतो. ज्याला दारातून हटवलं, त्याच्याकडे दारानं वळायचं असतं. आमच्या लोकांनी शेकडो वर्षं ही गोष्ट सांभाळली, ती कमानीच्या नक्षीसाठी नव्हे.

आणि गोष्टी सोडून इतिहासाकडे आलात तरी तेच दिसतं. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराच्या दारांपुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. बागेचं तिकीट आणि मंदिरप्रवेश या एकाच मापाच्या गोष्टी आहेत असं मी म्हणत नाही. तिथं माणूसपण नाकारलं जात होतं, इथं एक दुपार नाकारली जाते. पण दाराकडे बघायची नजर आपल्याला त्या लढ्यांनी दिली आहे. दार दिसलं की आधी विचारायचं, बाहेर कोण उभं आहे? ती नजर आपल्याकडे असताना आपण पार्काच्या दारावर बोलताना फक्त रंग आणि आठवणी का बोलतो?

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. बाग फुकट चालत नाही. झाडांना पाणी लागतं, प्राण्यांना डॉक्टर लागतो, संडास धुवायला माणसं लागतात. ५ रुपयांत हे होत नाही. बरोबर आहे. पण ते कधीच तिकिटातून होत नव्हतं. महापालिकेची बाग करांतून चालते, आणि कर तिकीट न परवडणाराही भरतो. काडेपेटी घेताना भरतो, साबण घेताना भरतो. शिवाय पैसे दारातच घेतले पाहिजेत असं कुठं आहे? जत्रेत आपण काय करतो? मैदानात शिरायला पैसे नाहीत, पाळण्यात बसायला आहेत. हिंगोलीच्या दसऱ्याला दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा सांगतात. रामलीला मैदानावर रावण जळताना बघायला गावोगावचे लोक येतात. तिथं रावण बघणारा आणि आकाशपाळण्यात बसणारा एकाच धुळीत उभे असतात. ज्याच्याकडे पैसे आहेत तो चार वेळा बसतो. ज्याच्याकडे नाहीत तो खाली उभा राहून वर बसलेल्यांच्या किंकाळ्या ऐकून हसतो, आणि घरी जाताना दसरा बघून आलो असंच म्हणतो. राणीच्या बागेत पेंग्विनचं तिकीट पेंग्विनच्या दाराशी लावता आलं असतं. झाडांखालून चालायला जुनाच दर ठेवता आला असता. पेंग्विनच्या गारव्याचा खर्च झाडाखाली डबा खाणाऱ्यानं का उचलायचा?

"पण स्वस्त केलं की वाटेल ते लोक येतात," असंही एक वाक्य याच वेळी कुणीतरी हळूच बोलतं. मी ते पुण्यात चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. त्या वाक्याचे आभार मानायला हवेत, कारण ते खरं बोलतं. अनेकदा दर वाढवण्यामागचं न सांगितलेलं कारण उत्पन्न नसतं, गर्दी गाळणं असतं. घाण होते म्हणून कचऱ्याचे डबे वाढवता येतात, दंड लावता येतो, माणूस नेमता येतो. त्याऐवजी आपण दर वाढवतो, कारण त्यानं घाणीसोबत माणसंही जातात आणि कुणाला अपराधी वाटत नाही.

हा प्रश्न आता मुंबईपुरता नाही. तालुक्यातालुक्याला बागा नव्या होत आहेत. जुनं लोखंडी फाटक जातं, त्या जागी उंच कमान येते, कमानीवर नावं येतात, शेजारी गावाच्या नावाची मोठाली रंगीत अक्षरं आणि सेल्फी पॉइंट येतो. पहिल्या आठवड्यात आपण सगळे तिथं फोटो काढतो. कमान चांगली की वाईट यावर वाद होतो, नाव कुणाचं यावर तर हमखास होतो. मधल्या वेळात फाटकाच्या बाजूची ती छोटी फट बुजलेली असते, जिच्यातून शेजारच्या वस्तीतली पोरं दुपारी आत यायची. चाकाच्या खुर्चीसाठी उतार केलेला नसतो. दाराबाहेर बसणाऱ्या भेळवाल्याला उठवलेलं असतं. यातलं काहीच उद्घाटनाच्या फोटोत येत नाही.

पार्कावर, बागेवर, जत्रेच्या मैदानावर ज्यांचं खरं प्रेम आहे, त्यांनी जुनं कारंजं परत मागावंच. जुनी कमान वाचवावी. पण त्याच दमात हेही मागावं: दारात रोख पैसे घेणारी खिडकी, मोठ्या कुटुंबाला मोठं मानणारं तिकीट, घरचा डबा खायला सावलीची जागा, आत न खेळणाऱ्या माणसाला परवडेल असा दर. हे न मागता फक्त कमानीसाठी भांडणं म्हणजे आपल्या लहानपणाचा फोटो स्वच्छ ठेवा, एवढंच म्हणणं झालं. दुसऱ्याच्या पोराला तसा फोटो मिळणार आहे का, याची त्यात काळजी नाही.

आणि एक काम असं आहे की त्याला निधी, समिती, निविदा काहीच लागत नाही. पुढच्या रविवारी तुमच्या गावातल्या बागेच्या किंवा पार्कच्या दाराबाहेर तासभर उभे राहा. आत जाऊ नका. फोनमध्ये मोजणी करायचं ॲप सहज मिळतं. दराच्या पाटीपाशी थांबून परत फिरणारं प्रत्येक कुटुंब मोजा. गेटवरच्या माणसाशी दोन शब्द बोलून पिशवी उचलून निघणारी प्रत्येक बाई मोजा. क्यूआरकडे बघून मागे सरकणारा प्रत्येक म्हातारा मोजा. तासाभरानं जो आकडा येईल, तो कागदावर लिहून नगरपालिकेच्या आवक-जावक टेबलावर द्या आणि पोच घ्या. त्या दाराबद्दलचा तो पहिला खरा आकडा असेल.